पार्श्वभूमी: सिलेक्टर बॉक्स आणि ग्राउंडचा न मिटलेला वाद

सिलेक्टर बॉक्स म्हणजे अनेक सोर्समधला (आवाज पुरवणाऱ्या उपकरणांमधला) एक निवडून अ‍ॅम्प्लिफायरला देणारी डबी. ग्राउंड म्हणजे या सगळ्यांच्या सिग्नलची परतीची सामायिक वायर. व्हॉल्व्हच्या रेडिओला मागे ग्रामोफोनच्या पिकअपचे सॉकेट असे. पुढचा बँड स्विच एक खटका फिरवला की रेडिओऐवजी ग्रामोफोन वाजे. सगळे एकाच चासीत (धातूच्या सांगाड्यात) उरकत असल्याने ग्राउंडचा प्रश्न निघतच नसे. पुढे फोनो (रेकॉर्ड प्लेअर), ट्यूनर (रेडिओ), टेप, ऑक्स (इतर कशासाठीही) अशी इनपुट्स आली, तरी ती निवडणारा वेफर स्विच अ‍ॅम्प्लिफायरच्या पोटातच राहिला.

१९८२ मध्ये सीडी प्लेअर आला आणि लेव्हलचा घोळ सुरू झाला. डेक-ट्यूनर ०.२ ते ०.५ व्होल्ट देत, सीडी २ व्होल्ट. म्हणजे स्विच फिरवताच आवाज १२ डेसिबल किंवा त्याहून जास्त उसळतो. यावर जुना आणि आजही पुरेसा इलाज म्हणजे सीडीच्या इनपुटवर प्रत्येक चॅनेलला १० किलोओहमचा रेझिस्टर सिरीजमध्ये आणि ३.३ किलोओहमचा ग्राउंडला. फोनो मात्र अशा बॉक्समधून थेट नेऊ नये. ५ मिलिव्होल्टच्या सिग्नलला आधी प्रीअँप (सिग्नल वाढवणारे सर्किट) हवा.

आपल्याकडे वेगळ्या डबीचा खप वाढवला तो व्हीसीडी प्लेअर आणि व्हिडिओ गेमने. पिवळ्या-लाल-पांढऱ्या सॉकेटांचा, खटक्याच्या बटणांचा एव्ही सिलेक्टर तेव्हाचा. २०१२ च्या अखेरीस मुंबईसह महानगरांत केबल डिजिटल झाली आणि घराघरांत सेट-टॉप बॉक्स आला. त्यात कॉम्प्युटर आणि फोनची भर पडली. अ‍ॅम्प्लिफायरला ऑक्स मात्र बऱ्याचदा एकच.

खरी खडाजंगी आहे ती ग्राउंड स्विचमधून न्यायचे की सगळ्यांचे कायम एकत्र ठेवायचे यावर. स्विच करा म्हणणाऱ्यांचा मुद्दा खोटा नाही. कॉम्प्युटर तीन पिनांच्या प्लगमधून अर्थ होतो, सेट-टॉपच्या केबलची शिल्ड (बाहेरचे ग्राउंडचे वेष्टन) इमारतीत दुसरीकडेच अर्थ झालेली असते. दोन्ही ग्राउंड डबीत जोडले की लूप (ग्राउंडचे बंद वर्तुळ) तयार होतो आणि ५० हर्ट्झचा हम (घुमणारा आवाज) येतो, निवडलेला सोर्स कुठलाही असो. म्हणून ते चार पोलचा, म्हणजे एका दांडीवर चार स्वतंत्र स्विच असलेला, स्विच घेतात: दोन पोल सिग्नलला, दोन ग्राउंडला.

पण दोन पिनांच्या एसएमपीएस (फोन चार्जरसारख्या स्विचिंग) अडॅप्टरने हा हिशेब उलटवला. त्यात प्रायमरी (मेन्सची बाजू) आणि सेकंडरीच्या (उपकरणाकडची बाजू) मध्ये १ ते २.२ नॅनोफॅरडचा वाय कपॅसिटर असतो. २३० व्होल्टला २.२ नॅनोफॅरडमधून ०.१६ मिलिअँपिअरपर्यंत गळती होऊ शकते. शिल्ड जोडलेली असेल तर ही गळती शिल्डमधूनच निघून जाते. स्विच फिरताना ग्राउंड आधी सुटला, किंवा सिग्नल आधी जोडला गेला, की तीच गळती अ‍ॅम्प्लिफायरच्या ४७ किलोओहम इनपुटमधून वाट काढते. काही व्होल्टचा हम थेट स्पीकरवर! आरसीए प्लगची खोडही हीच: मधली पिन आधी टेकते, बाहेरची रिंग नंतर. चार पोलच्या स्विचमध्ये कुठला पोल आधी जुळेल याची हमी कोणी देत नाही.

त्यामुळे ग्राउंड एकत्र ठेवणेच शहाणपणाचे. ज्या एका सोर्समुळे लूप होतो, त्याच्याच वाटेत १० किलोओहम : १० किलोओहमचा ऑडिओ आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर (ग्राउंड न जोडता सिग्नल पुढे देणारा) घालावा. स्वस्तातला छोटा ६०० : ६०० ओहमचा चालतो, पण खालचा बेस खातो. धातूच्या डबीत सॉकेट फायबर वॉशर घालून बसवावेत आणि डबीला ग्राउंड एकाच ठिकाणी, आउटपुट सॉकेटजवळ जोडावा.

तीन-चार सोर्ससाठी दोन पोल सहा वेचा (सहा जागांचा) रोटरी स्विच पुरतो. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत तो नॉन-शॉर्टिंग (एक जोडणी सुटल्यावरच दुसरी जुळणारा) सांगून मागावा आणि तिथेच तपासावा. मीटर कंटिन्युइटीवर ठेवून एकाच पोलच्या शेजारच्या दोन टोकांना प्रोब लावायचे आणि दांडी सावकाश फिरवायची. मध्येच बीप झाली तर तो शॉर्टिंग आहे. अटेन्युएटरला (आवाज टप्प्याटप्प्याने कमी करणाऱ्या स्विचला) तोच हवा, इथे नको, कारण क्षणभर दोन सोर्सची आउटपुट एकमेकांना भिडतात. प्रत्येक इनपुटला १ मेगाओहम ग्राउंडला टाकल्यास खटक्यासरशी येणारा 'फट्' आवाज बराच कमी होतो.

रिमोटसाठी रिले (विजेने चालणारा स्विच) वापरणारे हल्ली तयार मॉड्यूलवरचा १० अँपिअरचा निळा रिले उचलतात. त्याच्या चांदीच्या मिश्रधातूच्या कॉन्टॅक्टवर बसणारी पुटे झडायला बऱ्यापैकी करंट लागतो. इथे वाहतात ते जेमतेम वीस-पंचवीस मायक्रोअँपिअर. काही महिन्यांत एक चॅनेल दबका किंवा चिरका होतो. दोन पोलचा, सोन्याचा मुलामा दिलेल्या कॉन्टॅक्टचा सिग्नल रिले घ्यावा आणि कॉइलला उलटा १एन४१४८ डायोड जोडावा.