सांदण की सांधण, दरी की घळ?

साम्रद गावाजवळची ती चिंचोळी खोल घळ, जिला सगळे सांदण व्हॅली म्हणतात, तिचा दगड सह्याद्रीत सगळीकडे असतो तोच, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा काळा बेसाल्ट. त्यात भेग होती, पावसाच्या पाण्याने ती खरवडत खरवडत दोनशे-तीनशे फूट खोल केली. भूकंपात डोंगर एका रात्रीत दुभंगला वगैरे ऐकायला भारी वाटतं एवढंच.

खरा घोळ नावाचा आहे. 'ध'वाले म्हणतात दोन डोंगरांचा सांधा म्हणून सांधण. मला 'द' पटतो, सांदीकोपऱ्यातली सांदी, कारण आत काही जागी हात पसरले की दोन्ही भिंती हाताला लागतात, मग याला सांदी नाही तर काय म्हणायचं (सर्च केलं की फणसाचं सांदण पण येतं, तो भाग वेगळा). त्याहून मोठी गडबड 'व्हॅली'ने केलीय. आपल्याकडे असल्या चिंचोळ्या उताराला नाळ, नळी, घळ असे चांगले शब्द आहेत, हरिश्चंद्रगडाची नळीची वाट आहेच की. पण एकदा व्हॅली म्हटलं की पब्लिक फुलं आणि हिरवळ डोक्यात ठेवून चपला घालून येतं, आणि आत बघतं तर नुसते धोंडे आणि कंबरभर गारठलेलं पाणी. 'आशियातली दुसऱ्या नंबरची खोल दरी' हे तर कुणी मोजलं आणि पहिली कुठली हे कुणीच सांगत नाही, तरी प्रत्येक रीलवर ठोकलेलं असतं.

पूर्वी साम्रदच्या माणसाला या घळीपेक्षा करोली घाट महत्त्वाचा, खाली डेहण्याला कोकणात उतरायची वाट ती. मग 1926 ला भंडारदरा धरण पूर्ण झालं, प्रवरेचं पाणी अडलं आणि पुढे खालच्या ऊसवाल्यांचं भलं झालं, वरच्या आदिवासी वाड्यांचं काय ते कमीच लिहिलं जातं. 1986 ला कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य. 2008 च्या सुमारास शेजारी घाटघरचा 250 मेगावॅटचा प्रकल्प सुरू झाला, विजेची मागणी कमी असली की खालचं पाणी पंपाने वर चढवायचं आणि मागणी वाढली की तेच खाली सोडायचं. सोशल मीडियावर फोटो फिरायला लागले तशी गर्दी वाढली, तंबू आले, गावात घरोघरी पिठलं-भाकरीची सोय झाली.

मजा म्हणजे शेजारच्या रतनगड किल्ल्याकडचं पाणी प्रवरेतून गोदावरीला, म्हणजे पूर्वेला जातं, आणि सांदणीतलं कोकणात उतरतं. जून लागला की लोक फोन करतात, चालू आहे का म्हणून. पावसाळ्यात तिथं वाट नसतेच, भिंतीपासून भिंतीपर्यंत ओढा असतो.