शाळेतली शिस्त: छडी गेली, पण मुलाचं ऐकून घ्यायचं राहूनच गेलं

शाळेच्या शिस्तीची नियमावली लिहायला बसलं की अर्धी मीटिंग एकाच वादात जाते, मारायचं की नाही. एक पालक म्हणतो आम्ही मार खाऊनच घडलो, दुसरा म्हणतो माझ्या पोराला हात लावलात तर याद राखा, आणि खरं म्हणजे हा वाद कायद्याने कधीच मिटवलाय. जे मिटलेलं नाही ते वेगळंच आहे. मुलावर आरोप काय आहे ते त्याला कुणी नीट सांगतं का, त्याची बाजू कोण ऐकतं, शिक्षा कोण ठरवतं, ती सगळ्यांना सारखी लागते का, आणि शाळेचंच चुकलं तर दाद कुठे मागायची? हे प्रश्न मागे कसे पडले ते समजायला जरा इतिहासात जावं लागतं, म्हणून हे लिहितोय.

टिळकांच्या टरफलांची गोष्ट आपल्याकडे पोरापोराला पाठ असते. वर्गात शेंगांची टरफलं पडलेली, मास्तरांनी विचारलं कुणी खाल्ल्या, कुणी कबूल होईना, मग सगळ्या वर्गाला शिक्षा, आणि एक मुलगा म्हणाला मी शेंगा खाल्ल्या नाहीत, मी टरफलं उचलणार नाही. लहानपणी आपल्याला ही गोष्ट बाणेदारपणाची म्हणून सांगतात, पण नियमावली लिहिणाऱ्याने ती परत एकदा शांतपणे वाचावी असं मला वाटतं. छडी किती जोरात लागली याचा त्यात प्रश्नच नाहीये. एकाच्या चुकीसाठी चाळीस जणांना का, पुरावा काय, असा तो सवाल आहे, आणि आजही एखाद्या वर्गात गोंगाट झाला की अख्ख्या वर्गाचा पीटीचा तास रद्द होतो तेव्हा तोच सवाल तिथे उभा असतो.

सरकारी शाळा यायच्या आधी गावोगाव पंतोजींच्या शाळा होत्या, कुणाच्या ओसरीवर नाहीतर देवळात, धुळीत अक्षरं गिरवायची आणि पाढे घोकायचे. तिथल्या शिक्षा आपल्या भाषेत अजून जिवंत आहेत, अंगठे धरून ओणवं उभं राहणं, कोंबडा, वेताची छडी. छडी लागे छमछम ही म्हण त्याच जगातली. पंतोजी म्हणतील तो नियम, लिहून ठेवलेलं काही नाही, आणि गावातलं पोरगं कुणाचं आहे यावर छडीचा जोर ठरत नसेल असं समजायला मी तरी तयार नाही.

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी कारण ती फारशी कुणाला माहीत नसते. १७८९ मध्ये मद्रासच्या एग्मोरला मुलांचा एक अनाथाश्रम होता, तिथे अँड्र्यू बेल नावाचा स्कॉटिश पाद्री प्रमुख म्हणून आला. शिक्षक कमी पडायचे म्हणून त्याने मोठ्या मुलांकडून लहान मुलांना शिकवून घ्यायला सुरुवात केली, आपल्याकडच्या गावठी शाळांत मुलं वाळूत अक्षरं गिरवतात ते पाहून तेही उचललं, आणि ही पद्धत पुढे मद्रास पद्धत म्हणून इंग्लंडभर गाजली. आपल्या वर्गातला मॉनिटर त्याच घराण्यातला. पण शिस्तीसाठी बेलने काय केलं ते जास्त महत्त्वाचं आहे, शाळेत एक काळी वही ठेवली, कुणी काय चूक केली ते त्यात लिहायचं, लगेच मारायचं नाही, आणि आठवड्यातून एकदा ती वही सगळ्या शाळेसमोर वाचायची, मुलांमधूनच निवडलेले १२ किंवा जास्त पंच बसायचे आणि शिक्षा ते ठरवायचे. म्हणजे सव्वादोनशे वर्षांपूर्वी आपल्याच देशात एका शाळेत नोंद होती, थांबून विचार करायला वेळ होता, आणि निर्णय एका रागावलेल्या माणसाच्या हातात नव्हता! आपल्यापर्यंत मात्र यातला फक्त मॉनिटर पोचला, बोलणाऱ्यांची नावं फळ्यावर लिहिणारा, ज्याच्या मित्राचं नाव फळ्यावर सहसा दिसत नाही.

शिस्त सगळ्यांना सारखी नव्हती याचा आपल्याकडचा सगळ्यात ठळक दाखला साताऱ्याच्या शाळेतला आहे. ७ नोव्हेंबर १९०० ला भीमराव आंबेडकर तिथे दाखल झाले (म्हणूनच ७ नोव्हेंबर हा राज्यात विद्यार्थी दिवस असतो). त्यांनी स्वतःच नंतर लिहून ठेवलंय, की बसायला वेगळं गोणपाट, तेही घरून आणायचं आणि परत घरी न्यायचं, आणि तहान लागली तर नळाला हात लावायचा नाही, शिपायाने नळ सोडला तरच पाणी, शिपाई नसला तर पाणी नाही. या नियमात मुलाची काही चूक असायची गरजच नव्हती, तो जन्माला कुठे आला तेवढं पुरे होतं. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१९ मध्ये अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून त्या मुलांना सगळ्यांच्या शाळांत घ्यायचा हुकूम काढला. शाळेच्या न्याय्य नियमांचा इतिहास लिहायचा तर तो या हुकमाला धरूनच लिहावा लागेल, छडीबंदी फार नंतरची.

छडीला कायद्याचा आधार मिळाला तो १८६० च्या आसपास. भारतीय दंड संहितेची (ती २०२४ पर्यंत लागू होती) कलमं ८८ आणि ८९ सांगायची की सद्भावनेने, समोरच्याच्या भल्यासाठी आणि संमतीने केलेली कृती गुन्हा ठरत नाही, १२ वर्षांखालच्या मुलाच्या बाबतीत पालकाची संमती चालते. पालकाने मूल शाळेत घातलं म्हणजे संमती दिलीच असं धरून शिक्षक मंडळी कोर्टातून सुटत आली. त्याच १८६० साली इंग्लंडमध्ये हॉप्ली नावाच्या शिक्षकाने एका विद्यार्थ्याला इतकं मारलं की तो मेला, आणि तो खटला चालवताना न्यायाधीशांनी सांगितलं की माफक आणि वाजवी शिक्षा चालेल, त्यापलीकडची नाही. हे ‘माफक आणि वाजवी’ पुढे शंभर-सव्वाशे वर्षं आपल्याही डोक्यात बसून राहिलं. वेगळा विचार करणारे होते, भावनगरला बालशिक्षणात काम करणारे गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक, पुढे बोर्डी-कोसबाडला ताराबाई आणि अनुताई वाघ यांनी भीती न घालता आदिवासी मुलांची शाळा चालवून दाखवली, पण त्यांची नावं डीएडच्या पेपरात राहिली, शाळेच्या नियमांत उतरली नाहीत.

दिल्लीच्या १९७३ च्या शाळा नियमांतला नियम ३७ मुद्दाम वाचण्यासारखा आहे. त्यात शारीरिक शिक्षेला परवानगी होती, पण ती फक्त शाळाप्रमुखाने द्यायची, ठरावीक गंभीर गैरवर्तनासाठीच, आजारी मुलाला नाही, छडी तळहातावरच आणि जास्तीत जास्त १० वेळा, आणि प्रत्येक शिक्षेची मुलाच्या वर्तणूक नोंदवहीत नोंद करायची. मुलांना मारणं मला अजिबात मान्य नाही, तरी या नियमाची बांधणी बघा, कोणी, कशासाठी, किती, आणि कुठे लिहायचं, हे चारही त्यात आहे. फक्त एक गोष्ट नाही, मुलाला विचारायचं.

१९८६ हे साल या विषयात फार मोठं आहे, पण सहसा त्यातली एकच गोष्ट सांगितली जाते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात त्या वर्षी स्पष्ट लिहिलं गेलं की शारीरिक शिक्षा शिक्षणातून कायमची हद्दपार व्हावी. दुसरी गोष्ट त्याच वर्षी ११ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयात घडली. केरळमधली तीन भावंडं, यहोवाचे साक्षीदार पंथाची, प्रार्थनेच्या वेळी राष्ट्रगीत चालू असताना आदराने उभी राहायची पण गायची नाहीत, कारण त्यांच्या श्रद्धेत ते बसत नव्हतं. प्रकरण विधानसभेत गेलं, चौकशी आयोग नेमला, आयोगाने सांगितलं मुलं सरळ आहेत, त्यांनी कसलाही अपमान केलेला नाही, तरी शिक्षण खात्याच्या सांगण्यावरून त्यांना जुलै १९८५ मध्ये शाळेतून काढलं. हायकोर्टात हरली. सर्वोच्च न्यायालयाने मात्र काढून टाकणं रद्द केलं, आणि त्यातलं एक कारण प्रत्येक मुख्याध्यापकाने लक्षात ठेवावं असं आहे, की खात्याचं परिपत्रक म्हणजे कायदा नव्हे, मूलभूत हक्कावर गदा आणायची तर मागे खरा कायदा लागतो. आपल्याकडे अजूनही ‘वरून सर्क्युलर आलंय’ म्हटलं की विषय संपतो, म्हणून हे जरा लांबवून सांगितलं.

मग बंदीचे टप्पे भराभर आले. १९९२ मध्ये भारताने बालहक्कांच्या आंतरराष्ट्रीय करारावर मोहर उमटवली, १ डिसेंबर २००० ला दिल्ली हायकोर्टाने त्या नियम ३७ मधली शारीरिक शिक्षेची तरतूद रद्द केली. गोव्याने २००३ च्या बाल कायद्यात शाळांमधल्या शारीरिक शिक्षेवर सरळ बंदी घातली, आरटीई, म्हणजे शिक्षण हक्क कायदा, यायच्या कितीतरी आधी. केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ मध्ये जो अभ्यास काढला त्यात शाळेत जाणाऱ्या दर तीन मुलांपैकी दोघांनी मार खाल्ल्याचं सांगितलं. राष्ट्रीय बालहक्क आयोगाने २००९-१० मध्ये सात राज्यांत ६,६३२ मुलांना विचारलं तेव्हा आपल्याला कुठलीच शिक्षा झाली नाही म्हणणारी मुलं निघाली फक्त ९. शेवटी १ एप्रिल २०१० पासून आरटीई लागू झाला, कलम १७ म्हणतं शारीरिक शिक्षा नाही आणि मानसिक छळही नाही, आणि कलम १६ म्हणतं प्राथमिक शिक्षण, म्हणजे आठवी, पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढता येणार नाही. २०१९ च्या दुरुस्तीने पाचवी-आठवीला नापास करायची मुभा आली, पण काढून टाकायची नाही. आयोगाने २०१२ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यात टोचून बोलणं, जातीवरून किंवा फी भरली नाही म्हणून वेगळी वागणूक देणं हेही शिक्षेतच धरलं, आणि प्रत्येक शाळेत तक्रारी बघायला देखरेख कक्ष असावा असं सांगितलं. महाराष्ट्रात २०२२ पासून शाळेतल्या मुलांच्या सुरक्षिततेसाठी सखी सावित्री समिती आली.

एवढं सगळं झालं, पण यात काय करू नये तेच मुख्यतः आहे. छडी गेली तिच्या जागी जे आलं ते कुठेच लिहिलेलं नाही, वर्गाबाहेर उभं करणं, डायरीत लाल शेरा, व्हॉट्सॅप ग्रुपवर सगळ्या पालकांसमोर नाव घेणं, स्नेहसंमेलनात घ्यायचं नाही, आणि सगळ्यात मोठी धमकी म्हणजे एलसी हातात देतो. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर ‘वर्तणूक’ असा एक रकाना असतो, त्यात बहुतेकांच्या ‘चांगली’ असतं, तो दाखला जन्मतारखेला, जातीला, नोकरीला, सगळीकडे आयुष्यभर लागतो, आणि त्या एका शब्दाच्या जागी दुसरा काही लिहायचा अधिकार कुणाला, कशाच्या आधारावर, हे किती पालकांना माहीत असतं? काढता येत नाही म्हणून पालकांनाच बोलावून ‘तुम्हीच अर्ज द्या, दाखला घेऊन जा’ असं म्हणायचं, कागदावर ते स्वखुशीने शाळा सोडणं होतं. अशा वेळी गप्प सही करून जाणारे पालक कोण असतात ते आपल्याला माहीत आहे, ज्यांना उलट बोलायची सवय नाही ते.

शिक्षकांचीही बाजू आहे आणि ती खरी आहे. गोव्यात २०१४ मध्ये एका प्राथमिक शिक्षिकेवर ५ आणि ८ वर्षांच्या दोन बहिणींना पट्टीने मारल्याचा आरोप झाला, भांडण सुरू झालं ते दुसऱ्या मुलीच्या बाटलीतलं पाणी प्यायल्यावरून, बाल न्यायालयाने २०१९ मध्ये शिक्षिकेला एक दिवसाची कैद आणि १ लाख रुपये दंड केला, आणि २०२३ मध्ये मुंबई हायकोर्टाच्या गोवा खंडपीठाने तिला निर्दोष सोडलं, वर असंही म्हटलं की असल्या आरोपांच्या भीतीखाली शिक्षकांना शाळा चालवणं अवघड होईल. एका पाण्याच्या बाटलीचं प्रकरण नऊ वर्षं कोर्टात. शाळेतच त्या दिवशी दोघींना, बाईंना, पालकांना बसवून ऐकून घेणारं कुणी असतं तर? वर्गात पन्नास-साठ मुलं आणि हातात कुठलीही मान्य पद्धत नाही, अशा शिक्षकाला आपण फक्त ‘हे करू नका’ची यादी दिली आहे.

आणि पद्धत कशी असते हे आपल्याला माहीत नाही असंही नाही. खासगी शाळांतल्या कर्मचाऱ्यांसाठी महाराष्ट्रात १९७७ चा कायदा आणि १९८१ ची नियमावली आहे, ज्याला सगळे एमईपीएस म्हणतात. शिक्षकाला मोठी शिक्षा करायची तर लेखी आरोपपत्र, उत्तराला वेळ, तिघांची चौकशी समिती, त्यातला एक संस्थेचा, एक खुद्द त्या शिक्षकाने सुचवलेला आणि एक पुरस्कारप्राप्त शिक्षक, आणि निकाल पटला नाही तर ३० दिवसांत शाळा न्यायाधिकरणाकडे अपील. हे शिक्षकांनी लढून मिळवलं आणि योग्यच आहे. पण त्याच इमारतीत, त्याच मुख्याध्यापकांच्या केबिनमध्ये तेरा वर्षांच्या पोराचा निकाल पाच मिनिटांत लागतो. अमेरिकेत ओहायो राज्यातल्या कोलंबस शहरातल्या मुलांच्या खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९७५ मध्ये सांगितलं की १० दिवसांपर्यंत जरी शाळेबाहेर ठेवायचं असेल तरी आधी आरोप सांगा, तो नाकारला तर पुरावा काय ते सांगा, आणि मुलाला बोलू द्या. वकील नको, मोठी सुनावणी नको, केबिनमधल्या त्या पाच मिनिटांत बसेल एवढंच ते आहे.

सगळ्यात उघडी जागा नववी-दहावीची आहे. आरटीईचं संरक्षण ६ ते १४ वयाचं आणि आठवीपर्यंतचं, आणि नेमकं त्यानंतर मोबाईल, मारामाऱ्या, प्रेमप्रकरणं, दहावीच्या निकालाची टक्केवारी सांभाळायला कच्च्या मुलांना बाहेरून फॉर्म भरायला लावणं, हे सगळं सुरू होतं. त्या वयाच्या मुलाला शाळेतून काढताना कुणी थांबवायचं हे शाळेच्या स्वतःच्या नियमावलीशिवाय दुसरीकडे कुठे लिहिलं जाणार, म्हणून पुढच्या मीटिंगला आठवीपर्यंतचं बाजूला ठेवून आधी नववी-दहावीचं पान उघडावं, आणि त्या मीटिंगला नववीतली चार मुलंही बोलवावीत.