शॉर्टस्टॉपचा कस कशात: हातात की पहिल्या पावलात?

बेसबॉलच्या इतिहासात सर्वोत्तम बचाव करणारा शॉर्टस्टॉप कोण, हा वाद निघाला की कुणीतरी फील्डिंग टक्केवारी काढून दाखवतोच. ओमार व्हिझकेल .९८५, ऑझी स्मिथ .९७८. म्हणजे व्हिझकेल सरस, विषय मिटला! मला हा निकाल मान्य नाही. ज्या आकड्यावर तो उभा आहे, तो आकडा मुळात वेगळ्याच प्रश्नाचं उत्तर देतो.

शॉर्टस्टॉप उभा असतो दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधल्या पट्ट्यात. बहुतेक फलंदाज उजव्या हाताने खेळणारे असल्याने जमिनीलगत मारलेले चेंडू याच पट्ट्यात सर्वाधिक येतात. त्याने तो चेंडू अडवायचा, उचलायचा आणि फलंदाज २७.४ मीटर धावून पहिल्या बेसवर पोहोचण्याआधी तिथे फेकायचा. फील्डिंग टक्केवारी म्हणजे अशा यशस्वी कामगिरीला यश अधिक चुका यांच्या बेरजेने भागणं. चूक कोणती, हे ठरवतो अधिकृत गुणलेखक. ज्या चेंडूपर्यंत खेळाडू पोहोचलाच नाही, तो चेंडू या भागाकारात कुठेच येत नाही. तो फलंदाजाच्या खात्यात हिट म्हणून जमा होतो. त्यामुळे दोन पावलं कमी धावणाऱ्याची टक्केवारी सुधारते, आणि अशक्य चेंडूला हात घालून तो निसटू देणाऱ्याची बिघडते.

मग खरं मोजायचं काय? माझ्या मते वेळ. आणि इथे साधं शालेय भौतिकशास्त्र फार सुंदर काम करतं.

चांगला धावपटू फलंदाज बॅट लागल्यापासून पहिल्या बेसवर साधारण ४.३ सेकंदांत पोहोचतो. शॉर्टस्टॉप फलंदाजापासून सुमारे ४३ मीटरवर असतो. ताशी १५० किलोमीटर वेगाने, म्हणजे सेकंदाला सुमारे ४२ मीटरने निघालेला चेंडू जमिनीवर घासत टप्पे खातो. फिरकी नसलेला भरीव गोळा घसरता घसरता गरगर लोळू लागेपर्यंत घर्षणाने आपल्या वेगाचा दोन-सप्तमांश भाग गमावतो. उरतो पाच-सप्तमांश, म्हणजे सेकंदाला ३० मीटर. (चेंडूला पुढच्या दिशेने फिरकी असेल तर घट कमी होते, म्हणून बॅटच्या खालच्या अंगाला लागून निघालेला चेंडू जास्त चपळ येतो.) सगळं धरून हा चेंडू शॉर्टस्टॉपच्या रेषेत येतो सुमारे १.४ सेकंदांत. ग्लव्हमधून चेंडू काढून हातातून सोडायला अंदाजे ०.८ आणि पहिल्या बेसपर्यंतच्या फेकीला १.२ सेकंद. बेरीज ३.४. म्हणजे जवळजवळ एक सेकंद शिल्लक! जोरदार चेंडूवर शर्यत फलंदाजाशी नसते, ती चेंडूशी असते: १.४ सेकंदांत डावी-उजवीकडे किती अंतर कापता येईल? आता हाच चेंडू ताशी ११० किलोमीटरचा धरा. तो यायलाच दोन सेकंद लागतात, बेरीज चारवर जाते, आणि शर्यत उलटते. हळू चेंडूवर कस लागतो फेकीचा, वेगवान चेंडूवर पहिल्या पावलाचा.

हे पहिलं पाऊल म्हणजे या खेळातली मला सर्वांत आवडणारी गोष्ट. पिचरने, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याने, चेंडू सोडल्यावर कॅमेरा फलंदाजावरून हटवून शॉर्टस्टॉपवर ठेवा. चेंडू प्लेटपाशी, म्हणजे फलंदाजाच्या जागेपाशी, येत असताना तो अगदी छोटी उडी मारतो, जेमतेम काही सेंटिमीटर. पाय जमिनीवर टेकतात ते बॅट लागण्याच्या आसपास. हे उगाच नाही. कुठल्याही बाजूला निघायचं तर जमिनीला विरुद्ध दिशेने ढकलावं लागतं. न्यूटनचा तिसरा नियम. टाचांवर भार टाकून निवांत उभा असलेला माणूस ढकलण्याआधी गुडघे वाकवतो, भार सरकवतो, आणि त्यात वेळ जातो. उडीवरून उतरणाऱ्याच्या पोटऱ्या आणि मांड्या मात्र उतरतानाच ताणल्या जातात. ताणलेला स्नायू लगेच आकुंचन पावला तर जास्त जोर देतो, शिवाय स्नायूबंधात साठलेली स्थितिस्थापक ऊर्जाही परत मिळते. टेनिसपटू सर्व्हिस घेताना हेच करतात. चांगल्या खेळाडूच्या पायाचा चवडा हवेत असतानाच चेंडूच्या दिशेला वळलेला दिसतो.

याने किती फरक पडतो? प्रतिक्रियेचे पाव सेकंद वजा केले तर १.४ पैकी १.१५ सेकंद उरतात. त्वरण सेकंदाला ५ मीटर प्रतिसेकंद धरलं तर ½at² या सूत्राने ३.३ मीटर होतात. एक दशांश सेकंद उशीर झाला तर २.८. अर्धा मीटर गेला! तोही दोन्ही बाजूंना, म्हणजे पट्ट्याची रुंदी मीटरभर आटली. फील्डिंग टक्केवारीत यातलं काहीही दिसत नाही.

काही खेळाडू हा दशांश डोक्याने कमावतात. कॅल रिप्केन तब्बल १९३ सेंटिमीटर उंच, शॉर्टस्टॉपच्या मानाने अवाढव्य. पण पिचर कोणत्या प्रकारचा चेंडू टाकणार आणि कोणता फलंदाज तो कुठे मारणार, याचा अभ्यास करून तो आधीच जागा बदलायचा. १९९० च्या मोसमात त्याच्या नावावर फक्त ३ चुका लागल्या.

इथे एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. प्रतिक्रिया आणि तोल सुधारतो म्हणून टायटॅनियमच्या माळा आणि होलोग्रामची रबरी कडी मोठमोठ्या खेळाडूंच्या गळ्यात आणि मनगटावर दिसू लागली होती. ऑस्ट्रेलियातल्या ग्राहक आयोगाने दणका दिल्यावर अशा कड्यांच्या कंपनीला आपल्या दाव्यांमागे विश्वासार्ह वैज्ञानिक पुरावा नाही हे कबूल करावं लागलं. लॉकेटमधलं रत्न आणि मनगटावरचं होलोग्राम यांत मला काडीचा फरक वाटत नाही. दशांश सेकंद सरावाने मिळतो.

डोळ्यांवरही पूर्ण विसंबून चालत नाही. शॉर्टस्टॉप डेरेक जीटरला उत्तम बचावासाठीचे पाच गोल्ड ग्लव्ह पुरस्कार मिळाले, त्याच्या हवेत उडी मारून केलेल्या फेकी देखण्या होत्या, आणि २००१ च्या प्लेऑफमध्ये ओकलंडविरुद्ध धावत येऊन प्लेटकडे ढकललेला चेंडू तर अजरामर आहे. पण प्रत्येक चेंडूची जागा आणि वेग धरून केलेल्या मोजणीत त्याचा बचाव कारकीर्दभराच्या हिशेबात सरासरीच्या बराच खाली येतो. सूर मारून पकडलेला चेंडू टाळ्या घेतो. ज्याचं पहिलं पाऊल लवकर पडतं, तो तोच चेंडू उभ्याने पकडतो आणि कुणाच्या लक्षातही येत नाही.

आता नावं. अपारिसिओ, कॉन्सेप्सिओन, व्हिझकेल, सगळे थोर. व्हिझकेलची उघड्या हाताने चेंडू उचलून फेकायची सफाई अप्रतिमच. जॉन हेन्री लॉइडसारखे निग्रो लीग्जमधले, म्हणजे कृष्णवर्णीयांच्या वेगळ्या लीगमधले, शॉर्टस्टॉप मात्र या यादीत कुठे बसले असते, हे सांगायला पुरेशा नोंदीच उरलेल्या नाहीत. वर्णभेदाने केलेलं हे नुकसान कोणतंही सूत्र भरून काढू शकत नाही. मार्क बेलँजरची फलंदाजीची सरासरी .२२८, तरी बाल्टिमोर संघाने त्याला वर्षानुवर्षं खेळवलं, कारण त्याच्या बाजूने चेंडू जात नसे. वाचवलेल्या धावांच्या अंदाजात तो ऑझी स्मिथच्या अगदी शेजारी येतो.

तरी माझं मत ऑझीलाच. १९८० मध्ये त्याने ६२१ असिस्ट (समोरच्याला बाद करायला मदत करणाऱ्या फेकी) केले, शॉर्टस्टॉपसाठी आजही विक्रम. पिचर जमिनीलगत चेंडू मारायला लावणारे असतील तर हा आकडा फुगतो, हे खरं. पण कारकिर्दीतले ८,३७५ असिस्ट नुसत्या पिचरांच्या कृपेने होत नाहीत. २० एप्रिल १९७८ चा तो चेंडू पाहा. अटलांटाच्या जेफ बरोजने मधून मारला, ऑझीने डावीकडे सूर मारला, आणि चेंडू ऐन वेळी वाकडा उसळून त्याच्या मागे निघाला. हवेत आडव्या झालेल्या माणसाला दिशा बदलता येत नाही, ढकलायला जमीनच नसते. त्याने उघडा उजवा हात मागे नेऊन चेंडू धरला, उठला आणि पहिल्या बेसवर फलंदाजाला बाद केलं. तेव्हा तो लीगमध्ये नुकताच आलेला होता.

त्याला खरं आव्हान देतो तो कुरासावचा अँड्रेल्टन सिमन्स. पिचर म्हणूनही संघांनी ज्याच्यावर डोळा ठेवला होता, इतका त्याचा हात जबर. २०१३ मध्ये डीआरएस (डिफेन्सिव्ह रन्स सेव्ड, म्हणजे बचावाने वाचवलेल्या धावा) या मोजणीनुसार त्याने एकट्याने ४१ धावा वाचवल्या. त्याची कारकीर्द ऑझीइतकी लांबली नाही, म्हणून एकूण बेरजेत तो मागे राहतो. पण एकच हळू चेंडू, एकच वेगवान फलंदाज आणि एकच फेक असा प्रश्न असेल, तर मी सिमन्सला उभा करीन.