स्पिन की स्पायरल? आधी वेगाचा काटा बघा

ग्लायडरचं नाक खाली गेलंय, एक पंख कललाय आणि समोर जमीन गरगर फिरतेय. हा स्पिन असू शकतो, नाहीतर स्पायरल डाइव्ह. पहिल्या दोन सेकंदांत कॉकपिटमधून दोन्ही सारखेच दिसतात. गंमत म्हणजे 1912 मध्ये, ब्रिटिश नौदलाचा वैमानिक विल्फ्रेड पार्क अशा गिरकीतून जमिनीपासून जेमतेम 50 फुटांवर सुटला, तेव्हाही लोक त्या गिरकीला सर्पिल सूर, म्हणजे स्पायरल डाइव्हच म्हणत होते. तो सुटला तो उलट दिशेचा रडर (नाक डावी-उजवीकडे वळवणारा शेपटीचा पल्ला, पायाने चालतो) दाबून. स्टिक, म्हणजे नाक वर-खाली करणारी हातातली दांडी, पोटाशी ओढणं त्याने आधी करून पाहिलं होतं, त्याचा काही उपयोग झाला नव्हता.

स्पिनमध्ये पंख स्टॉल झालेले असतात, म्हणजे हवेशी त्यांचा कोन इतका वाढतो की उचल कोसळते, आणि आतल्या बाजूचा पंख जास्त. त्याची उचल जाते, त्याला हवेचा अडथळा वाढतो, आणि ग्लायडर त्या बाजूला भोवऱ्यासारखं फिरत खाली येतं. नाक इतकं खाली असूनही वेग वाढत नाही. काटा स्टॉलच्या वेगाजवळ घुटमळतो, कधी नुसता थरथरतो. वाऱ्याचा आवाज कमी, स्टिक हाताला ढिली लागते, कॅनॉपीवरचा, म्हणजे कॉकपिटच्या काचेवरचा, हवेची दिशा दाखवणारा लोकरीचा धागा एका बाजूला पडलेला.

स्पायरल डाइव्हमध्ये पंख व्यवस्थित काम करत असतात, आणि घात तिथेच आहे. कल तीव्र, नाक खाली, त्यामुळे वेग चढतच जातो. शिट्टीसारखा आवाज वाढत घोंगावायला लागतो, स्टिक जड होते, गाल ओघळल्यासारखे वाटतात, शरीर सीटमध्ये रुतत जातं. ढगात क्षितिज हरवलं की सहसा हाच प्रकार होतो, कारण हळूहळू वाढणारा कल तोल सांभाळणाऱ्या आतल्या कानाला कळतच नाही.

म्हणून एकच प्रश्न: काटा वाढतोय का? वाढत असेल तर स्पायरल. नजर आधी तिथे, जमिनीकडे नंतर.

स्पिनमधून सुटताना एलेरॉन (पंख कलवणारे पंखांच्या कडेचे पल्ले) मध्यावर, गिरकीच्या उलट पूर्ण रडर, मग गिरकी थांबेपर्यंत स्टिक पुढे. ती थांबताच रडर मध्यावर, पंख समतल, आणि सावकाश वर. हा क्रम सर्वसाधारण आहे. ज्या ग्लायडरमध्ये बसला आहात त्याच्या मॅन्युअलमध्ये वेगळं लिहिलं असेल, तर मॅन्युअल खरं. पडलेला पंख एलेरॉनने उचलायचा मोह मात्र आवरा. आधीच स्टॉल झालेल्या त्या पंखाचा हवेशी असलेला कोन आणखी वाढतो.

स्पायरलमध्ये उलट. आधी स्टिकची ओढ सैल करा, स्टिक आणि रडर जोडीने वापरून पंख समतल आणा, मग हलक्या हाताने वर. कललेल्या अवस्थेत स्टिक ओढली तर नाक वर येत नाही, वळण तेवढं आवळतं. 60 अंश कलून उंची राखत घेतलेल्या वळणात 2 जी, म्हणजे वजनाच्या दुप्पट भार असतो आणि स्टॉलचा वेग सुमारे 1.4 पट होतो. स्पायरलमध्ये घाबरून ओढणारा माणूस याच्या कितीतरी पुढे जातो. युरोपीय मानकांनुसार युटिलिटी (साध्या उड्डाणांच्या) वर्गाच्या ग्लायडरची मर्यादा जास्तीत जास्त 5.3 जी आहे, पण एअरब्रेक (वेग रोखणारे पंखांवरचे पल्ले) उघडे असताना ती 3.5 धरली जाते. कमाल वेगाची लाल रेषा जवळ आली म्हणून ब्रेक उघडले, तर त्यानंतर ओढताना हात आणखी हलका हवा.

आता अदलाबदल करून बघा. वेग चढत असताना स्पिनचा उपाय केला, म्हणजे पूर्ण रडर आणि स्टिक पुढे, तर वेग आणखी वाढतो आणि शेपटीवर नको तितका भार येतो. लाल रेषेजवळ कंट्रोल एक तृतीयांशापेक्षा जास्त हलवू नयेत, असा नियम आहे. याउलट, स्पिनमध्ये नुसतं पंख सरळ करू गेलात, तर उंची संपत जाते आणि गिरकी चालूच राहते.

उतरण्याआधीच्या शेवटच्या वळणात ही निवड करायला वेळच मिळत नाही. जमीन जवळ दिसते म्हणून कल कमी ठेवायचा, वळण पुरं करायला रडर जास्त दाबायचा, नाक खाली जातंय म्हणून स्टिक मागे. स्पिनची अख्खी कृती हीच. तिथे उपाय पाठ असून भागत नाही, वेग आणि योग्य कल वळणाआधीच हवा.

सरावातली एक फसगत अजून सांगतो. एएसके-21 सारखं शिकवण्याचं ग्लायडर सहजासहजी स्पिनमध्ये जात नाही. त्यासाठी शेपटीत वजनं लावावी लागतात. वजनांशिवाय गिरकी सुरू झाली, तरी अर्ध्या फेरीत ती बहुधा आपोआप स्पायरल होते. शिकाऊ वैमानिक मात्र पाठ केलेला क्रम म्हणत उलट रडर पूर्ण दाबून बसलेला असतो, आणि समोर काटा ताशी 130 किलोमीटर ओलांडून पुढे सरकत असतो.