लाहोरचा बसंत: सण कोणाचा, बंदी कशावर

आपल्याकडे पतंग म्हणजे संक्रांत. पंजाबात, विशेषतः लाहोरात, पतंग म्हणजे बसंत, माघ शुद्ध पंचमीचा. ‘आई बसंत, पाला उडंत’, बसंत आला नि गारठा उडाला, ही तिथली म्हण. शेतात मोहरी फुललेली, अंगावर पिवळे कपडे, ताटात पिवळा भात आणि गच्चीगच्चीवर पतंग कापल्याची आरोळी: ‘बो काटा!’

रणजितसिंगांच्या काळात या दिवशी सुफी संत शाह हुसेन यांच्या दर्ग्यावर मेळा भरे, सैनिकही पिवळ्या पोशाखात येत. त्याच दर्ग्यात शाह हुसेन यांच्याशेजारी माधोलाल या ब्राह्मणाची कबर आहे, आणि लोक दोघांचं नाव एका दमात घेतात.

खरा गुंता पुढच्या प्रश्नात आहे: बसंत हिंदूंचा की ऋतूचा? हिंदूंचा म्हणणारे हकीकतराय या सियालकोटच्या मुलाचं नाव काढतात. अठराव्या शतकात धर्मनिंदेच्या आरोपावरून त्याला लाहोरात मृत्युदंड झाला. तो दिवस वसंतपंचमीचा होता, अशी परंपरा सांगते. त्याच्या समाधीवर फाळणीपर्यंत बसंताची जत्रा भरत असे. एवढ्यावरून तिथल्या काही धार्मिक मंडळींनी ‘पतंग उडवणं म्हणजे त्या मुलाचं स्मरण करणं’ असा अर्थ काढला. तो पटत नाही. दिल्लीत निजामुद्दीन औलियांच्या दर्ग्यावर बसंताला पिवळी फुलं वाहतात, आणि त्या प्रथेचा धागा परंपरा अमीर खुसरोशी, म्हणजे हकीकतरायच्या कितीतरी आधीच्या काळाशी जोडते. मुळात जत्रा आणि पतंग या दोन गोष्टी. एक बंद पडली, दुसरी राहिली. १९४७ मध्ये लाहोरचे बहुतेक हिंदू-शीख निघून गेले, तरी गच्च्या रिकाम्या झाल्या नाहीत. सण ज्यांचा नव्हे असं सांगितलं जात होतं, त्यांनीच तो चालवला.

पुढे तिथी सुटली आणि सोयीचा रविवार आला. नव्वदच्या दशकात तर आदल्या रात्रीपासूनच प्रखर दिव्यांच्या झोतात पांढरे पतंग चढत. हॉटेलं भरू लागली, गच्च्या भाड्याने जाऊ लागल्या, कंपन्यांचे फलक लागले.

दोरही बदलला. सुती दोऱ्याला काचेची लुकण होतीच. त्यात रसायन लावलेला दोर आणि धातूची तार आली. दुचाकीवरच्यांचे गळे चिरले, तारांवर तार पडून वीज जाऊ लागली. २००५ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने पतंगबाजीवर बंदी घातली. काही काळ थोड्या दिवसांची सूट मिळे, मग तीही थांबली. कागदोपत्री कारण दोराचं होतं आणि ते खरंही होतं. पण ‘हा आपला सण नव्हे’ म्हणणाऱ्यांची त्यामुळे आयतीच सोय झाली. दोर बनवणारे, कागद कापणारे आणि गल्लीतल्या दुकानदारांचा धंदा मात्र बसला. घातक मांजा आपल्याकडेही आहे. २०१७ मध्ये हरित न्यायाधिकरणाने नायलॉनच्या मांजावर देशभर बंदी घातली, तीही मांजावर, पतंगावर नव्हे.

सीमेच्या अलीकडे फिरोजपूरला बसंताचे पतंग अजून उडतात. अमृतसरला मुख्य दिवस लोहडीचा.

२०१८ च्या डिसेंबरात पाकिस्तानी पंजाबच्या सरकारने बसंत परत आणण्याची घोषणा केली होती, ती हवेतच विरली. २०२५ च्या अखेरीस मात्र अध्यादेश काढून अटींसह परवानगी दिली: विक्रेत्यांची नोंदणी, पतंगावर क्यूआर कोड, धातूच्या तारेला तुरुंगवास आणि अठरा वर्षांखालच्यांना पतंग उडवायला मनाई.