नोटाला जास्त मतं पडली तर निवडणूक रद्द होते?

दर निवडणुकीला हा फॉरवर्ड येतोच, की नोटाला (म्हणजे 'वरीलपैकी कोणीही नाही' या पर्यायाला) सगळ्यात जास्त मतं पडली तर निवडणूक रद्द होते आणि ते उमेदवार परत उभे राहू शकत नाहीत. वाचायला भारी वाटतं, मलाही आधी खरंच वाटलेलं.

पण लोकसभा-विधानसभेला तसं नाहीये. 2013 ला नोटाचं बटण आलं ते नापसंती गुपचूप नोंदवता यावी म्हणून. समजा नोटाला 500, अ ला 300 आणि ब ला 200, तरी अ च निवडून येतो, कारण नोटा हा काही उमेदवार नाही आणि जिंकतो तो उमेदवारांमध्ये जास्त मतं घेणारा. डिपॉझिट वाचवायला वैध मतांच्या सहाव्या हिश्श्यापेक्षा जास्त मतं लागतात ना, त्यातही नोटा धरत नाहीत.

गोंधळ कुठून झाला असेल तर, महाराष्ट्रात महापालिका-नगरपालिकांसाठी 2018 मध्ये नियम आला की नोटा पुढे असेल तर फेरनिवडणूक, पण तीही एकदाच, आणि जुने उमेदवार परत उभे राहू शकतात.

बघायचं असेल तर आपल्या मतदारसंघाचा फॉर्म 20 (मतमोजणीच्या निकालाचा तक्ता) ऑनलाइन उघडा, त्यात नोटाचा आकडा वैध मतांच्या बेरजेबाहेर वेगळा दिसेल.