मरणोत्तर ध्वनिमुद्रिका व गीतसंग्रह

कवी, गायक वा वादक यांच्या मृत्यूनंतर त्यांच्या अप्रकाशित किंवा अपुऱ्या रचना इतरांनी जुळवून प्रसिद्ध केलेला संग्रह. रॉक संगीताच्या चाहत्यांत त्याला सरसकट ‘शेवटचा अल्बम’ म्हणतात. कलावंताने स्वतः पुरा केलेला पण बाजारात मागाहून आलेला अल्बम, आणि दुसऱ्यांनी भर घालून तडीस नेलेला अल्बम, या दोन्हींना हेच नाव पडल्याने घोटाळा होतो. प्रस्तुत नोंदीत दुसरा प्रकार मुख्य धरला आहे. खानदेशातील (जळगाव, धुळे, नंदुरबार) प्रमुख उदाहरण, बहिणाबाई चौधरी यांच्या गाण्यांचे, ध्वनिमुद्रणाचे नसून वहीचे आहे. तरी मृताचे किती व संपादकाचे किती, हा प्रश्न दोन्हीकडे एकच असल्याने दोहोंचा विचार येथे एकत्र केला आहे.

प्रथा जुनी आहे. सातव्या शतकातील बाणभट्टाची ‘कादंबरी’ अपुरी राहिली आणि उत्तरभाग त्याच्या मुलाने लिहिला. मुलाचे नाव भूषणभट्ट की पुलिंद, याविषयी एकमत नाही. मराठीत रेव्हरंड ना. वा. टिळक यांचे ‘ख्रिस्तायन’ त्यांच्या निधनानंतर (१९१९) लक्ष्मीबाई टिळकांनी पुढे नेले. अशा ग्रंथांत जोड कोठे आहे ते वाचकाला उघड दिसते. ध्वनिमुद्रिकेत ते दिसेलच असे नाही, कारण जोड सुराच्या खाली दडवता येते.

हे शक्य झाले ते बहुपट्टी ध्वनिमुद्रणामुळे. गळा एका पट्टीवर, गिटार दुसऱ्या, ढोल तिसऱ्या, अशी मांडणी असल्यास गायकाचा आवाज तसाच ठेवून भोवतीचे सारे संगीत बदलता येते. जॅनिस जॉप्लिन ४ ऑक्टोबर १९७० रोजी वारली तेव्हा ‘पर्ल’ या अल्बममधील एका गाण्याची वाद्ये मुद्रित झाली होती, तिचे गाणे व्हायचे होते. निर्मात्यांनी कोणाचा आवाज उसना घेतला नाही. १९७१ च्या अल्बममध्ये तो भाग नुसता वाद्यमेळ म्हणूनच राहिला. जिमी हेंड्रिक्सच्या वाट्याला उलट आले. १८ सप्टेंबर १९७० रोजी तो गेल्यावर १९७१ मध्ये निघालेला ‘द क्राय ऑफ लव्ह’ त्याच्या सहकाऱ्यांनी सिद्ध केला व तो बव्हंशी मान्य झाला. १९७५ च्या ‘क्रॅश लँडिंग’मध्ये मात्र मूळ साथीदारांचे वादन पुसून भाडोत्री वादकांचे वादन चढवले गेले. त्यावर झालेली टीका आजही शमलेली नाही, आणि ती रास्त वाटते.

क्वीन या ब्रिटिश बँडचा ‘मेड इन हेवन’ हा या प्रकाराचा बहुचर्चित नमुना होय. गायक फ्रेडी मर्क्युरी (जन्म झांझिबार, ५ सप्टेंबर १९४६; मूळ नाव फारुख बलसारा) हा पारशी घरातला, शालेय शिक्षण पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत; त्यामुळे त्याच्याविषयी महाराष्ट्रात थोडी आपुलकी आढळते. २४ नोव्हेंबर १९९१ रोजी त्याचे निधन झाले. अल्बम ६ नोव्हेंबर १९९५ रोजी निघाला. मधल्या काळात उरलेल्या तिघांनी स्वित्झर्लंडमधील माँत्रो येथे त्याने शेवटच्या महिन्यांत गायलेल्या तुकड्यांवर संगीत बांधले. पण सगळी सामग्री त्या काळातली नव्हे. अल्बमचे नाव ज्यावरून पडले ते गाणे मर्क्युरीच्या १९८५ च्या स्वतंत्र अल्बममधून घेतले असून केवळ साथ नवी आहे. ‘मदर लव्ह’ या गाण्याचे मुद्रण बहुधा मे १९९१ मधले. त्यातले शेवटचे कडवे त्याला गाता आले नाही. थोडी विश्रांती घेऊन पुढे गातो म्हणून तो गेला, परत आलाच नाही. ते कडवे गिटारवादक ब्रायन मे याने स्वतःच्या आवाजात गायले. आवाज जिथे बदलतो ती जागा ऐकणाऱ्याला नीट कळते. काही जण फेब्रुवारी १९९१ च्या ‘इन्युएंडो’लाच बँडचा खरा अखेरचा अल्बम मानतात, मर्क्युरीने स्वतः पुरा केलेला शेवटचा तोच, या अर्थाने हे मत अधिक काटेकोर आहे.

एकाच फितीवर गळा व पियानो मिसळलेले असतील तर वरील युक्ती चालत नसे. बीटल्स या बँडच्या जॉन लेननने सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात घरी केलेल्या कॅसेटची अडचण हीच होती. संगणकाला आवाज ओळखायला शिकवण्याच्या पद्धतीने (मशीन लर्निंग) लेननचा आवाज पियानोपासून वेगळा काढता आल्यावर ‘नाऊ अँड देन’ हे गाणे नोव्हेंबर २०२३ मध्ये, म्हणजे लेननच्या मृत्यूनंतर जवळजवळ ४३ वर्षांनी, बाहेर आले.

खानदेश : येथे आवाज राहिला नाही, शब्द राहिले. बहिणाबाई नथूजी चौधरी (१८८०–३ डिसेंबर १९५१) यांचे माहेर जळगावलगतचे असोदे, सासर जळगाव. जन्म नागपंचमीचा, असे परंपरेने सांगतात. २४ ऑगस्ट १८८० ही तारीख सर्रास छापली जाते; परंतु त्या वर्षीची श्रावण शुद्ध पंचमी (नागपंचमी) ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात पडते. नागपंचमी प्रमाण मानल्यास ११ ऑगस्ट ही काही ठिकाणी दिलेली तारीख अधिक जुळते.

त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. घरोटावर दळताना, शेतात काम करताना त्या ओव्या रचत; पुत्र सोपानदेव व नात्यातील पितांबर चौधरी यांनी त्या वेळोवेळी टिपून ठेवल्या. बाईंच्या मृत्यूनंतर सोपानदेवांनी ती वही आचार्य अत्रे यांना दाखवली. अत्र्यांनी ते बावनकशी सोने ठरवले आणि प्रस्तावना लिहिली. ‘बहिणाबाईंची गाणी’ १९५२ मध्ये प्रसिद्ध झाली. जे टिपले गेले नाही ते बाईंबरोबर गेले. वहीत आले ते बाईंच्या रचनेतले किती, याचा हिशेब लागणे शक्य नाही.

कर्तृत्वाचा वाद याच ठिकाणी उद्भवतो. सोपानदेव स्वतः नावाजलेले कवी. तेव्हा त्यांचा हात मजकुरावर फिरला असणार, अशी शंका अधूनमधून घेतली जाते. शंकेचे दोन पदर वेगळे ठेवणे इष्ट. गाणी मुळात सोपानदेवांचीच, हे टोकाचे मत टिकत नाही: त्यांची स्वतःची कविता प्रमाण मराठीत व निराळ्या वळणाची आहे, आणि पेरणी, मोट, खळे यांचे बारकावे संग्रहात ज्या सहजतेने येतात ती काम करणाऱ्याची आहे. टिपताना ओळीचा क्रम लावणे, अडखळलेले अक्षर सावरणे, एवढा संस्कार मात्र नाकारता येत नाही. रचना बव्हंशी आठ अक्षरांच्या चरणाची असल्याने ती पाठ राहण्यास सोपी आणि बदलल्यास चटकन कानाला खटकणारी आहे. त्यामुळे बदल झाले असले तरी ते फार मोठे नसावेत, असे मानण्याकडे येथे कल आहे.

बोलीबाबतही गैरसमज रूढ आहे. ही गाणी अहिराणीत आहेत असे पाठ्यपुस्तकी विधान अनेकदा केले जाते. ‘माझी माय सरसोती, माले शिकवते बोली’ या ओळीतील ‘माले’ हे रूप अहिराणीत आहेच, पण ते वऱ्हाडीतही आहे. ‘माझी’ हे रूप मात्र अहिराणीचे नव्हे, तेथे ‘मनी’ येते. अहिराणीतील ‘शे’ हे क्रियापदही संग्रहाच्या भाषेचा स्वभाव नाही. जळगाव, भुसावळ, यावल, रावेर या पट्ट्यातील लेवा गणबोलीशी तिचे नाते जवळचे आहे. अहिराणीचे क्षेत्र मुख्यतः पश्चिमेकडे, धुळे व त्याभोवती.

वहीत चाल उतरली नाही. ‘अरे संसार संसार’ आज जनमानसात ज्या चालीवर आहे ती ‘मानिनी’ (१९६१) या चित्रपटानंतरची, व्यावसायिक संगीतकाराने दिलेली. मर्क्युरीच्या बाबतीत गळा त्याचा आणि साथ इतरांची; बहिणाबाईंच्या बाबतीत शब्द त्यांचे, चाल व गळा दोन्ही परके. संग्रहाची थोरवी याने उणावत नाही, पण रेडिओवर ऐकू येते ते बाईंचे गाणे आहे असे म्हणताना एवढा खुलासा करावा लागतो.

याच प्रदेशातले बालकवी त्र्यंबक बापूजी ठोंबरे (धरणगाव, १३ ऑगस्ट १८९०–भादली, ५ मे १९१८) रेल्वेखाली सापडून गेले. त्यांच्या कविता हयातीत नियतकालिकांतून विखुरलेल्या होत्या, काही अपुऱ्या. संग्रह मागाहून इतरांनी केले. अपुऱ्या कविता अपुऱ्याच छापण्याची शिस्त त्यांच्या संपादकांनी एकंदरीत पाळली.

कानबाईची गाणी, वहीगायन यांसारख्या मौखिक प्रकारांत रचनाकाराचे नाव सहसा उरत नाही, त्यामुळे मरणोत्तर ही कल्पनाच तेथे लागू पडत नाही. अहिराणी कॅसेटचा जमाना येऊन गेला. त्यातील दिवंगत गायकांची गाणी आता मोबाईलवर फिरतात, बहुधा नावाविना.

भारतीय प्रताधिकार अधिनियम, १९५७ नुसार लेखक गेल्यावर प्रथम प्रसिद्ध झालेल्या वाङ्मयीन व सांगीतिक कृतीचा हक्क मृत्यूपासून नव्हे, तर प्रकाशनाच्या पुढील वर्षारंभापासून ६० वर्षे चालतो (१९९२ पूर्वी ५०). या हिशेबाने १९५२ मध्ये प्रथम छापलेल्या ओव्या २०१२ अखेर मुक्त झाल्या. नेहमीचा नियम लावला असता तर एक वर्ष आधी झाल्या असत्या. चालींचे व ध्वनिमुद्रणांचे हक्क मात्र निराळे असून ते ज्याच्या त्याच्या तारखेने मोजावे लागतात.